मिरगाआधीचा वाफा

गोव्यात भाजी घाटावरून येते, आणि ही गोष्ट आजची नाही. १९५५ मध्ये भारत सरकारने पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा बेळगावची वाट बंद झाली. बटाटे थेट नेदरलंड्समधून आणि तांदूळ-भाजी पाकिस्तानातून आणण्याची पाळी त्या राजवटीवर आली. मुक्तीनंतर वाट खुली झाली, परावलंबन मात्र वाढतच गेले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात सीमाही बंद आणि दुकानेही बंद अशी स्थिती झाली, तेव्हा भाजीसाठी गावोगाव धावाधाव झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘स्वयंपूर्ण गोवा’ मोहीम सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक घराने आपली भाजी आपण पिकवावी, हे वाक्य सभासमारंभांतून सतत कानावर पडते. हेतू चांगला आहे. हिशेब मात्र तपासायला हवा.

माणसाने दिवसाला तीनशे ते चारशे ग्रॅम भाजी खावी, असे आहारतज्ज्ञ सांगतात. म्हणजे चौघांच्या घराला रोज सव्वा ते दीड किलो भाजी लागते. दहा फूट लांब आणि चार फूट रुंद वाफा म्हणजे चाळीस चौरस फूट, पावणेचार चौरस मीटरच्या आसपास. त्यात तांबडी भाजी उत्तम साधली तर महिन्याभरात तीन-चार किलो हाती येते. महिनाभराच्या राबणुकीतून तीन दिवसांची भाजी निघाली, तर तेवढ्याने कांदा-बटाटा-कोबीसाठी बेळगावकडे पाहणे थांबणार नाही. म्हणून परसातल्या वाफ्याची किंमत किलोत मोजू नये. कोणत्या ऋतूत, कोणती भाजी आणि किती ताजी, या तीन प्रश्नांवर ती मोजावी. माझे म्हणणे मर्यादित आहे, पण ठाम आहे: पेडणे आणि डिचोली तालुक्यांत घराच्या आवारातला उंच वाफा पावसाळ्यासाठी बांधावा. जून ते सप्टेंबर हे त्याचे खरे महिने. डिसेंबरातली हौस म्हणून, बाहेरदेशीच्या चित्रांवरून, लाकडी फळ्या ठोकून तो उभा केला तर पैसाही जातो आणि उत्साहही.

मोबाइलवर दिसणारी उंच वाफ्यांची चित्रे बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली असतात. तिथल्या हिवाळ्यात जमीन गारठते, काही भागांत गोठते. भुईपासून वर उचललेली माती वसंतात लवकर तापते, त्यामुळे पेरणी आधी करता येते, हा तिथला मोठा लाभ. लाकूडही त्या थंड हवेत बरीच वर्षे टिकते. आपल्याकडे माती तापवण्याची गरज वर्षातल्या कोणत्याच महिन्यात नसते. उलट थंडी सरली की उचललेली माती वरून आणि चारही बाजूंनी वाळू लागते, आणि फळ्या तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच वाळवीच्या आणि बुरशीच्या स्वाधीन होतात. तिथे वाफा थंडीसाठी उचलतात. इथे तो पाण्यासाठी उचलायचा आहे. कारण बदलले की मापे, सामान आणि मुहूर्त सगळेच बदलते, आणि घोळ होतो तो हे लक्षात न घेतल्याने.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला नव्वद टक्के जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. त्या चाळीस चौरस फुटांच्या तुकड्यावर हंगामभरात दहा हजार लिटर पाणी कोसळते, आणि त्यातले तिसऱ्या हिश्शाच्या आसपास एकट्या जुलैत. मातीच्या पोकळ्यांत पाणी भरले की तिथली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. भेंडी, मिरची, वांगे, टोमॅटो यांना असे दोन-तीन दिवससुद्धा सोसत नाहीत. त्याच साचलेल्या पाण्यातून मर रोगाचा जिवाणू एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जातो. आपल्या उष्ण, ओल्या, आम्लधर्मी जमिनीत वांगी-टोमॅटोचा हा पहिल्या क्रमांकाचा शत्रू आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथे असलेल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने मर रोगाला दाद न देणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या त्या यासाठीच. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने उष्ण-पावसाळी हंगामातल्या टोमॅटोसाठी तीन उपाय एकत्र सांगितले आहेत: उंच वाफा, वरून पावसाचा आडोसा आणि वांग्याच्या खुंटावर बांधलेले कलम. हे तिन्ही परसात जमतील असे नाही, पण पहिला जमण्यासारखा आहे आणि बाकीचे दोन्ही त्याच्यावरच उभे आहेत.

दुसरे कारण पायाखालचे. गोव्यातल्या शेतजमिनीचे खाजन, खेर आणि मोरड असे तीन प्रकार जुन्या काळापासून मानले जातात. पेडण्याच्या आतल्या भागात आणि डिचोलीत बरीच घरे या तिन्हींच्या वर, भरडावर किंवा डोंगराच्या उतारावर उभी आहेत. मोपा, धारगळ, तुये, लाटंबार्से या बाजूच्या सड्यांवर वीतभर माती आणि खाली सलग जांभा. मुसळधार पावसात ही वीतभर माती क्षणात तुडुंब भरते, खालचा कातळ पाणी पटकन जिरू देत नाही, आणि ऑक्टोबर उलटला की तीच माती भाजून निघते. ती आम्लधर्मी असते. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतात, त्यामुळे खत घातले तरी झाडाला पुरते मिळत नाही. अशा जागी खणत बसण्यापेक्षा कातळावर सव्वा फूट चांगली माती रचणे शहाणपणाचे. हरमल, मांद्रे, मोरजी या किनारपट्टीच्या वाळूसर जमिनीत मात्र पाणी आपसूक खाली जाते. तिथे सव्वा फूट उंची नको, अर्ध्या फुटाचा गादीवाफा पुरतो, आणि खर्च करायचाच तर तो शेणखतावर करावा.

यात नवे फारसे काही नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. कणगी, करांदे, हळद, आले यांना माती चढवून वरंबा करायचा ही कोकण-गोव्यातली जुनीच रीत. भाजीची रोपे करायला पावसाळ्यात गादीवाफा आणि भात कापल्यावर वायंगणात सपाट वाफे, पाणी धरणारी आळी, हेही घरोघरी ठाऊक आहे. पावसात माती वर न्यायची आणि उन्हात खाली आणायची, हा त्या सगळ्या व्यवहारामागचा विचार. जावा बेटावर ‘सोरजान’ नावाची पद्धत आहे, तिच्यात शेताचा एक पट्टा उचलून त्यावर भाजी करतात आणि लगतच्या खोल पट्ट्यात भात. अंदमानात पाऊस आपल्याइतकाच, आणि पोर्ट ब्लेअरच्या कृषी संशोधन संस्थेने तिथल्या पाणथळ जमिनींसाठी रुंद वाफे आणि त्यांच्यामध्ये खोल चर अशीच मांडणी सुचवली आहे. परसातला उंच वाफा ही याच विचाराची छोटी आवृत्ती, आणि म्हणून वाफ्याइतकाच त्याच्या भोवतीचा चर महत्त्वाचा.

जागा निवडताना सूर्याचा एक हिशेब बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही. पेडणे-डिचोली साधारण साडेपंधरा ते पावणेसोळा अंश उत्तर अक्षांशावर येतात. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत भरदुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेला बराच कललेला असतो. म्हणून घराच्या उत्तरेची जी जागा थंडीत सावलीत जाते आणि बागेला निरुपयोगी ठरवली जाते, तिलाच जून-जुलैत चांगला उजेड मिळतो. ढगाळ महिन्यांत उजेडाचा प्रत्येक तास मोलाचा असतो, तेव्हा डिसेंबरातले ऊन पाहून जागा ठरवू नये. छपराच्या पागोळ्या वाफ्यावर पडणार नाहीत इतके अंतर भिंतीपासून ठेवावे, नाहीतर एका रात्रीत बी आणि माती दोन्ही वाहून जातात. माडापासूनही सहा-सात फूट दूर राहावे. माडाची बहुतेक कामाची मुळे बुंध्याभोवती तेवढ्याच घेरात असतात आणि खताचा वास लागला की ती खालून वाफ्यात चढतात.

बांधायला चिरा. सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद आणि सात इंच उंच असा चिरा धरला तर आतून दहा बाय चारच्या वाफ्याला एका थरात पंचवीस, दोन थरांना पन्नास चिरे लागतात आणि उंची चौदा इंच मिळते. फ्रान्सिस बुकॅननने मलबारमधल्या या दगडाचे वर्णन १८०७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हाही त्याला कुतूहल वाटले ते खाणीत मऊ असणारा आणि हवा लागल्यावर कठीण होणारा त्याचा स्वभाव पाहून. इथल्या पावसाला, वाळवीला आणि मुळांना पुरून उरणारे दुसरे स्वस्त सामान नाही. मात्र सिमेंटने चिरे जोडू नयेत. गडगा जसा सुका रचतात तसेच रचावेत, सांधे मोडून, आतल्या बाजूला किंचित झुकते. सांध्यांतून पाणी झिरपणे हाच या बांधणीचा उद्देश आहे. तळाला प्लॅस्टिक अंथरू नये आणि लादीवर वाफा उभा करू नये. जागेवर लादी असेल तर ती आधी काढावी. रुंदी चार फुटांहून अधिक नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे. ओल्या मातीवर एकदा पाय पडला की ती दबते आणि तिच्यातली हवा जाते.

नवे चिरे विकत घेऊन परसबाग करायची म्हणजे कुठल्यातरी डोंगराला भगदाड पाडायचे, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. बेकायदा चिरेखाणींचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे आणि पेडणे तालुक्याने त्या खाणींचे सोडून दिलेले खड्डे पाहिले आहेत. पण पन्नास चिऱ्यांसाठी खाणीपर्यंत जायचे कारणच नाही. जुनी घरे, गोठे आणि कुंपणे पाडली जात आहेत आणि तिथले चिरे रस्त्याकडेला पडून असतात. तुटके, कोपरे गेलेले चिरे घराच्या भिंतीला चालत नाहीत, वाफ्याला ते उत्तम.

आता माती. चौदा इंच उंचीला सत्तेचाळीस घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासला थोडे कमी भरताड लागते. भातशेतातली वरची माती यासाठी आणू नये. एका घराच्या हौशीसाठी चांगल्या शेताची कातडी काढणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. जिथे खणता येते तिथे वाफ्याभोवती दोन फूट रुंदीची वाट सहा इंच खणली की चाळीसेक घनफूट माती तिथल्या तिथे मिळते, आणि त्याच खणण्यातून पाणी वाहून नेणारा चर तयार होतो. सड्यावर हे जमणार नाही. तिथे भरताड बहुतांशी कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचेच करावे लागते. तळाला नारळाची सोडणे उलटी अंथरावीत, त्यावर काजू-फणसाचा पातेरा आणि शेण यांचे थर, वर चाळलेली माती आणि जुने शेणखत निम्मे-निम्मे. सोडणे पाणी धरतात, मुळांना खाली हवा ठेवतात आणि तीन-चार वर्षांत कुजून माती होतात. सोडणांना वाळवी लागते ही तक्रार खरी आहे, पण पावसात भिजलेल्या वाफ्यात वाळवी फारशी टिकत नाही. ती उन्हाळ्यात वाफा कोरडा सोडला की येते. पहिल्या पावसाळ्यात भरताड बसून तीन-चार इंच खाली जाते, म्हणून सुरुवातीला ते चिऱ्यांच्या वर उंचवटा करून भरावे.

आम्लता उतरवायला आपल्याकडे हाताशी असलेली वस्तू म्हणजे शिंपल्यांचा चुना. तेरेखोल आणि शापोरा या दोन्ही नद्यांच्या तिसऱ्या-खुब्यांची टरफले पेडण्यात घरोघरी निघतात. ती कुटून घातली तरी चालते, पण त्यांचा परिणाम सावकाश दिसतो. विझवलेला चुना लवकर काम करतो, मात्र तो पेरणीच्या तीन आठवडे आधी मिसळावा आणि शेणखताबरोबर एकाच दिवशी घालू नये, कारण दोन्ही एकत्र आले की नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. किती चुना घालायचा हे अंदाजाने ठरवू नये. कृषी खात्याकडे माती परीक्षणाची सोय आहे, तिचा उपयोग करावा. चुलीची राख पालाशही देते आणि आम्लताही थोडी कमी करते. सुकवलेल्या बारीक मासळीचे खत गोव्यात मिरचीला आणि माडाला पूर्वापार घालतात. ते वाफ्यालाही उत्तम, फक्त खोल पुरावे, नाहीतर कुत्री रात्रभर माती उकरतात. जुलैचा पाऊस नत्र धुऊन नेतो, म्हणून सगळे खत एकदाच घालण्यापेक्षा दर पंधरवड्याला मूठ-मूठ घालणे बरे.

लावायचे काय, यावर मला जास्त बोलायचे आहे, कारण वाफ्याचे यश इथेच ठरते. पावसाळ्यात कोबी, फ्लॉवर, टोमॅटो यांच्या मागे लागू नये. मध्ये सात शिरांची भेंडी. भौगोलिक मानांकन मिळालेली ही गोव्याची देशी जात पावसातच फुलते आणि उंच वाढते, म्हणून दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवून दहा-बारा झाडे, त्याहून अधिक नकोत. दोन कोपऱ्यांत दोडकी, उरलेल्या दोन कोपऱ्यांत तवशी आणि पडवळ, त्यांना बांबूचा माटव वाफ्याबाहेर झुकता बांधावा, म्हणजे मुळे वाफ्यात आणि वेल आवारावर राहतात, आणि चाळीस चौरस फुटांच्या मातीतून ऐंशी-शंभर चौरस फुटांचे पीक निघते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण हरिता’ दोडका, ‘कोकण श्वेता’ पडवळ, ‘कोकण तारा’ कारले या जाती आपल्याच हवामानात निवडलेल्या आहेत. घरचे बी नसेल तर त्या लावाव्यात. कडेला मे महिन्यातच हळद लावली की नागपंचमी आणि चवथीच्या पातोळ्यांना पाने घरची. आणि सभोवतालच्या चरात अळू आणि तेरे, कारण ज्या पाण्यापासून वाफ्याला वाचवायचे तेच पाणी त्यांना हवे असते. तांबडी भाजी मात्र जुलैच्या सरींत आडवी होते. ती ऑगस्टच्या उत्तरार्धात पाऊस ओसरू लागला की पेरावी.

मिरगाच्या पहिल्या सरींबरोबर बी टाकले की जुलैच्या मध्यापासून अखेरीपर्यंत तवशी आणि भेंडी सुरू होते, त्यामागून दोडकी-पडवळ, आणि चवथीला माटोळीखाली बांधायला घरची तवशी आणि दोडकी असतात. एक अडचण इथे ठरलेली आहे. वेल फुलांनी भरतो आणि फळ धरत नाही. सलग पावसात मधमाश्या बाहेर पडत नाहीत, परागकण भिजतात, आणि दोष मात्र मातीला दिला जातो. उपाय हाताने परागीकरण करण्याचा. तवशीचे फूल सकाळी उमलते, दोडक्याचे संध्याकाळी, पडवळाचे रात्री. नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यावर टेकवायला मिनिटही लागत नाही, फक्त प्रत्येकाची वेळ पाळावी लागते. फळ धरले की फळमाशी येते. कोवळ्या फळावर कागदी किंवा कापडी पिशवी बांधणे हा बिनविषारी आणि खात्रीचा उपाय. चांगल्या झाडावरची पहिली दोन फळे बियाण्यासाठी राखून ठेवावीत. देशी भेंडीचे आणि तवशीचे बी राखणारी घरे कमी होत चालली आहेत, आणि माझ्या मते परसातल्या वाफ्याचे सर्वांत मोठे काम हेच आहे.

स्वस्त भाजीचा आक्षेप आता घ्यावा. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या केंद्रांवर सवलतीत भाजी मिळते, मग हा खटाटोप कशाला? कांदा-बटाट्याच्या बाबतीत हा प्रश्न योग्यच आहे, ते तिथूनच घ्यावेत. पण कोवळी भेंडी, हळदीची पाने, अळू, दोडकी या वस्तू घाट उतरून येईपर्यंत शिळ्या होतात, आणि काही तर तिकडून येतच नाहीत. शिवाय काळ पाहा. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामागून श्रावण येतो. मासळी खाणाऱ्या घरांतही भाजीची गरज याच महिन्यांत सर्वांत जास्त असते, आणि घाटात दरडी कोसळून वाहतूक खोळंबते तीही याच महिन्यांत. सवलत सरकार देऊ शकते, रस्त्यावरची दरड आणि पालेभाजीचे आयुष्य तिच्या हातात नाही.

दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा, आणि तो वाफ्याच्या मुळावर येणारा आहे. मार्च-एप्रिलमध्ये चौरस मीटरला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी उडून जाते. आपल्या वाफ्याला दिवसाला अठरा-वीस लिटर, म्हणजे एक मोठी बादली भरून पाणी लागेल. डिचोलीत जिथे विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात तिथे हे परवडत नाही. यावर माझे उत्तर साधे आहे: उन्हाळ्यात त्या वाफ्यावर अट्टहास करू नका. ऑक्टोबर ते जानेवारी तांबडी भाजी, मुळा, अळसांदे घ्यावेत, मधली माती दोन-तीन इंच खोलगट करून कडेला बांध घालावा म्हणजे पाणी मध्यात राहते. फेब्रुवारीनंतर वाफा पातेऱ्याने जाड झाकून आठवड्यातून एकदा शिंपावा आणि विसावू द्यावा. स्वयंपाकघरातले भाजी-तांदूळ धुतलेले पाणी एवढ्याला पुरते. ज्यांच्याकडे तिळारीच्या कालव्याचे किंवा बारमाही विहिरीचे पाणी आहे त्यांनी बारा महिने पीक घ्यावे, पण त्यांची सोय हा सर्वांसाठी नियम होऊ शकत नाही.

डिचोलीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. शिरगावसारख्या गावात खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, विहिरी आटल्या आणि गाऱ्हाणे उच्च न्यायालयात पोहोचले. पावसाबरोबर वाहून आलेला बारीक खाणगाळ अनेक शेतांत बसला, आणि तो वाळला की पापडी धरून मुळांची वाट अडवतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आणि २०२४ मध्ये याच तालुक्यातून उत्खनन पुन्हा सुरू झाले. अशा गावात उंच वाफ्याला एक जास्तीचा अर्थ मिळतो: आपण खातो ती भाजी कोणत्या मातीत वाढते हे निदान चाळीस चौरस फुटांपुरते आपण ठरवू शकतो. पण त्यासाठी भरताडही तितकेच पारखून घ्यावे लागते. खाणीची टाकाऊ माती किंवा गाळ साचलेल्या शेतातली माती फुकट मिळते म्हणून भरली तर वाफा बांधण्यात अर्थ उरत नाही. खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत पालेभाजीपेक्षा सोलून खायच्या भाज्या लावाव्यात. उडालेली धूळ उंचीने टळत नाही.

जमिनीच्या हक्काचा मुद्दाही टाळता येत नाही. या दोन तालुक्यांत कितीतरी घरे दुसऱ्याच्या, देवस्थानाच्या किंवा कोमुनिदादीच्या जमिनीवर आहेत. मुंडकार कायदा १९७५ चा असला तरी अनेकांचे दावे लोंबकळत आहेत. मये गावात तर जमीन दीर्घकाळ ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात राहिली. अशा आवारात पक्के बांधकाम करणे म्हणजे वादाला निमंत्रण. सुक्या चिऱ्यांचा वाफा एका दिवसात उचलून दुसरीकडे रचता येतो, सिमेंट नाकारण्याचे हेही कारण आहे. माकडे, मोर आणि रानडुकरे यांच्यापुढे मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जिथे माकडांचे टोळके रोज येते तिथे तवशी-भेंडी वाचवणे कठीण. त्या घरांनी वाफ्यात कारली, हळद, आले, सुरण यांवर भर द्यावा आणि अपेक्षा तेवढीच ठेवावी.

हा अंक हाती येईल तेव्हा पुढच्या मिरगाला सात महिने उरलेले असतील, आणि ते सगळे लागणार आहेत. डिसेंबरपासून काजू, फणस, आंबा यांचा पातेरा गळू लागतो आणि आवार झाडून तो पेटवून देण्याची सवय दोन्ही तालुक्यांत आहे. या वर्षी तो पेटवू नका. सावलीत खड्डा किंवा कोपरा करून शेणकाल्याबरोबर साठवा, अधूनमधून पाणी शिंपा. मार्चमध्ये मातीचा नमुना तपासायला द्या, जुने चिरे शोधून ठेवा, एप्रिलमध्ये चुना, आणि मेच्या मध्यापर्यंत वाफा भरून झालेला असू द्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर बांधायला घेतलेला वाफा त्या वर्षी काही देत नाही.